एक नट, अनेक माणसे : दिलीप प्रभावळकर

(मोठ्या गटासाठी पाठ. लहान गटातील मुलांना पालकांनी मोठ्याने वाचून दाखवावा.)

मुलांनो,

आजच्या पाठात आपण एका नटाची ओळख करून घेणार आहोत. 'लगे रहो मुन्नाभाई' हा हिंदी चित्रपट तुमच्यापैकी बहुतेकांनी पाहिला असेल. त्यात मुन्नाला अधूनमधून गांधीजी दिसतात, त्याच्याशी शांतपणे बोलतात आणि त्याला वाट दाखवतात. आता दुसरा चित्रपट आठवा. 'झपाटलेला' या मराठी चित्रपटात तात्या विंचू नावाचा एक दुष्ट गुंड आहे. त्याचा आत्मा एका बाहुल्यात शिरतो आणि मग तो बाहुला सगळ्यांना पळता भुई थोडी करतो. ते गांधीजी आणि हा तात्या विंचू, दोन्ही भूमिका एकाच माणसाने केल्या आहेत. त्यांचे नाव दिलीप प्रभावळकर.

नायक आणि चरित्र अभिनेता

चित्रपटात एक नायक असतो. बहुतेक वेळा तो तरुण आणि देखणा असतो. तो प्रत्येक चित्रपटात साधारण तसाच दिसतो, आणि लोकांनाही तो तसाच हवा असतो. पण गोष्ट काही एकट्या नायकाने पुढे जात नाही. तिच्यात आजोबा लागतात, शेजारी लागतो, कारकून लागतो, खलनायक लागतो. अशा भूमिका करणाऱ्याला चरित्र अभिनेता म्हणतात. स्वतःला मागे ठेवून समोर दुसरा माणूस उभा करणे, हे त्याचे काम. पडद्यावर आपल्याला नट दिसता कामा नये, तो माणूस दिसला पाहिजे. प्रभावळकर या कामात इतके तरबेज आहेत की त्यांच्या दोन भूमिका शेजारी ठेवल्या तर एकाच माणसाच्या आहेत हे सांगावे लागते.

सुरुवात बालनाट्यापासून

प्रभावळकरांचा जन्म ४ ऑगस्ट १९४४ रोजी झाला. ते मुंबईत वाढले. शिक्षण विज्ञानाचे झाले आणि नोकरी औषध बनवणाऱ्या कंपनीत केली. नाटक हा तेव्हा त्यांचा पोटापाण्याचा धंदा नव्हता. दिवसा नोकरी आणि उरलेल्या वेळात तालीम, असे त्यांनी कितीतरी वर्षे केले. त्या काळी मराठी रंगभूमीवर असे नट पुष्कळ होते. कोणी बँकेत, कोणी महापालिकेत, तर कोणी शाळेत काम करत असे.

नाटककार रत्नाकर मतकरी तेव्हा मुलांसाठी नाटके लिहून बसवत असत. त्यांच्या 'अलबत्या गलबत्या' या बालनाट्यात प्रभावळकर चेटकीण झाले. तुम्ही म्हणाल, पुरुषाने चेटकीण का व्हायचे? पण बालनाट्य ही नटाची मोठी शाळा असते. मुले खोटे खपवून घेत नाहीत. कंटाळा आला की उठून पळतात. त्यांना घाबरवायचे, आणि त्याच वेळी हसवायचेही, हे सोपे नाही.

चिमणराव घरोघरी आले

मुंबईला दूरदर्शन केंद्र सुरू झाले २ ऑक्टोबर १९७२ रोजी. तेव्हा चित्र काळे-पांढरे असे आणि वाहिनी एकच. चाळीत एखाद्याच्याच घरी संच असे. संध्याकाळी सगळी चाळ त्या खोलीत जमायची. मुले पुढे जमिनीवर, मोठी माणसे मागे, आणि काही जण दारात उभे.

अशा काळात, १९७७ साली, 'चिमणराव-गुंड्याभाऊ' ही मालिका आली. चिमणराव हे पात्र चि. वि. जोशी यांचे. जोशी हे पाली भाषेचे विद्वान होते, पण महाराष्ट्र त्यांना ओळखतो तो विनोदी लेखक म्हणून. त्यांचे चिमणराव साधे, भित्रे, मध्यमवर्गीय गृहस्थ आहेत. करायला जातात एक आणि होते भलतेच. त्यांच्या जोडीला धिप्पाड, रोखठोक गुंड्याभाऊ. चिमणराव झाले प्रभावळकर आणि गुंड्याभाऊ झाले बाळ कर्वे.

हे पात्र लोकांना नवीन नव्हते. १९४० च्या 'लग्न पहावे करून' या चित्रपटात दामुअण्णा मालवणकर चिमणराव झाले होते आणि विष्णुपंत जोग गुंड्याभाऊ. पुस्तके तर घराघरांत होती. लोकांच्या मनात ज्याचे चित्र पक्के आहे असे पात्र करायला घेणे म्हणजे मोठी जोखीम. जरा चुकले की लोक म्हणणार, "हे काही आमचे चिमणराव नव्हेत!" पण प्रभावळकरांनी त्या भूमिकेला बारीक, किरटा आवाज दिला, अंग चोरून वावरण्याची सवय दिली, आणि तेच सर्वांचे चिमणराव होऊन बसले. आज साठीच्या पुढच्या कोणत्याही मराठी माणसाला 'चिमणराव' म्हणा, त्याच्या डोळ्यांपुढे प्रभावळकरच येतील. बाळ कर्वेही अखेरपर्यंत लोकांचे गुंड्याभाऊच राहिले. ऑगस्ट २०२५ मध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा सर्वांना प्रथम आठवला तो गुंड्याभाऊच.

शिक्का बसण्याची भीती

यशातही एक धोका असतो. एखादी भूमिका फार गाजली की नटावर तिचा शिक्का बसतो. रस्त्यात लोक त्याच नावाने हाका मारतात. निर्माते तसलीच कामे घेऊन येतात. आयुष्यभर तेच करत राहिले तरी पोट भरते, पण नट तिथेच थांबतो.

प्रभावळकर थांबले नाहीत. 'साळसूद' या दूरदर्शन मालिकेत त्यांनी वरून सज्जन दिसणारा पण आतून कपटी माणूस उभा केला. ज्यांना चिमणरावांवर हसायची सवय झाली होती त्यांना या माणसाची भीती वाटली. १९९१ च्या 'चौकट राजा' या चित्रपटात ते नंदू झाले. नंदू शरीराने मोठा, पण त्याचे मन लहान मुलाचेच राहिले आहे. अशा माणसाची नक्कल करून लोकांना हसवणे सोपे असते. प्रभावळकरांनी नंदूला एकदाही हसण्याचा विषय होऊ दिले नाही. तो चित्रपट पाहताना मोठी माणसेही डोळे पुसतात. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९९३ साली, 'झपाटलेला' आला आणि त्यात ते तात्या विंचू झाले. त्यातला बोलका बाहुला रामदास पाध्ये यांचा.

'हसवाफसवी' हे नाटक तर त्यांनी स्वतःच लिहिले. त्यात त्यांच्या एकट्याच्या सहा भूमिका होत्या. एक पात्र आत जाई आणि थोड्याच वेळात वेगळा पोशाख, वेगळा आवाज, वेगळी चाल घेऊन दुसरे पात्र बाहेर येई. त्यांतले कृष्णराव हेरंबकर हे वृद्ध गायक नट पाहताना लोक हसता हसता गप्प होत.

टिपरे यांचे घर

२००१ साली अल्फा टीव्ही मराठी या वाहिनीवर 'श्रीयुत गंगाधर टिपरे' ही मालिका सुरू झाली. दिग्दर्शक होते केदार शिंदे. मालिका २००५ पर्यंत चालली. तिचे मूळ म्हणजे प्रभावळकरांनी 'लोकसत्ता' या वर्तमानपत्रात लिहिलेले 'अनुदिनी' हे सदर. अनुदिनी म्हणजे रोजनिशी.

टिपऱ्यांच्या घरात तीन पिढ्या राहतात. आबा म्हणजे आजोबा, मुलगा शेखर, सून श्यामला, नातवंडे शलाका आणि शिऱ्या. आबांची भूमिका प्रभावळकरांची. भूमिका सुरू झाली तेव्हा त्यांचे वय सत्तावन्नच होते, पण पाठीचा बाक, हळू चाल आणि मिश्किल डोळे पाहून कोणालाच तसे वाटले नाही. या मालिकेत कटकारस्थान नाही, आरडाओरडा नाही. घरात रोज घडते तेच घडते. कोणाचा राग, कोणाचा रुसवा, कोणाची परीक्षा. आबा उपदेश फारसा करत नाहीत. एखादेच वाक्य बोलतात आणि गाठ सुटते.

आम्ही वर्गात केलेला एक प्रयोग

आम्ही वर्गात या मालिकेचा एक भाग मुलांना दोनदा दाखवला. पहिल्यांदा आवाज बंद करून. मुलांना विचारले, "काय कळले?" आजोबा कोण, रागावले कोण, लपवाछपवी कोण करते आहे, हे सारे मुलांनी बरोबर सांगितले. नटाचे शरीर आणि चेहरा किती बोलतो, ते यावरून कळते.

मग आवाज सुरू केला. मोठ्या गटातील मुले जागच्या जागी हसली. लहान गटातील काही मुले आधी शेजाऱ्याच्या तोंडाकडे पाहायची, तो हसला की मग हसायची. वाक्य त्यांच्यापर्यंत पोहोचलेच नव्हते. शब्द माहीत होते, पण त्यातली खोच हुकली होती.

पालकांनी यावर विचार करावा असे आम्हांला वाटते. मदिनेतल्या आपल्या मुलांना शाळेत इंग्रजी लागते, दुकानात अरबी, मित्रांत उर्दू-हिंदी. मराठी, कोकणी कानावर पडते ती घरात आणि फोनवर. मूल ते समजते, पण उत्तर दुसऱ्याच भाषेत देते. सुट्टीत गावी गेल्यावर पडवीत सगळे बसतात, आजोबा काहीतरी गमतीचे बोलतात, सगळे हसतात आणि आपले मूल इतरांच्या तोंडाकडे पाहते. आजोबांच्या ते लक्षात येते. पुढच्या वेळी ते नातवाशी सोपे, कामापुरते बोलतात. जेवलास का, झोप लागली का, एवढेच. गमतीचे बोलणे बंद होते. यात दोष कोणाचाच नाही, पण नुकसान दोघांचे आहे.

याला उपाय पाठांतराचा नाही. विनोद कळायला भाषा कानांवरून खूप जावी लागते. म्हणून आठवड्यातून एकदा तरी घरातल्या सर्वांनी मिळून मराठी मालिकेचा एखादा भाग पाहावा. मूल हसले नाही तर तिथेच थांबवून, काय गंमत होती ते सांगावे. समजावून सांगितलेला विनोद थोडा शिळा होतो हे खरे. पण पुढचा विनोद ताजा लागतो.

साठीनंतरची झेप

टिपरे संपले तेव्हा प्रभावळकर साठीच्या पुढे गेले होते. नोकरीत असते तर निवृत्त झाले असते. पण २००६ साली 'लगे रहो मुन्नाभाई' आला आणि मराठी न कळणाऱ्या लोकांनाही ते माहीत झाले. त्या चित्रपटासाठी आणि 'शेवरी' या मराठी चित्रपटासाठी मिळून त्यांना सर्वोत्कृष्ट सहाय्यक अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. २०१३ साली 'नारबाची वाडी' आला. त्यात ते कोकणातल्या आपल्या वाडीवर जीव टाकणारे म्हातारे नारोबा झाले.

सप्टेंबर २०२५ मध्ये 'दशावतार' प्रदर्शित झाला, तेव्हा त्यांना एक्याऐंशी वर्षे पूर्ण झाली होती. दशावतार हा तळकोकणातला लोकनाट्याचा प्रकार. गावच्या जत्रेत रात्रभर चालतो. चित्रपटातले बाबुली मेस्त्री हे म्हातारे दशावतारी कलावंत आहेत. डोळ्यांना दिसेनासे झाले आहे, मुलगा म्हणतो आता पुरे, पण रंगभूमी सुटत नाही. तोंडाला रंग लावून एक्याऐंशी वर्षांचा माणूस पुन्हा नवी रूपे घेतो. तुमच्यापैकी ज्यांचे गाव कोकणात आहे, त्यांना यातली झाडे, घरे आणि बोली ओळखीची वाटेल.

प्रभावळकरांनी मुलांसाठी लिहिलेही आहे. त्यांचा 'बोक्या सातबंडे' खोडकर आहे, पण कोणी अडचणीत दिसले की पहिला धावतो. ज्यांना मोठे पुस्तक वाचायचा कंटाळा येतो त्यांनी बोक्यापासून सुरुवात करावी.

यातून काय घ्यावे?

प्रभावळकर देखणे नायक नव्हते. उंच नव्हते, धिप्पाड नव्हते. त्यांच्याकडे होते ते निरीक्षण. लोक कसे चालतात, कसे खाकरतात, राग आला की हात कुठे ठेवतात, हे ते पाहत आले. आपल्याभोवतीही किती माणसे आहेत! इमारतीचा हारिस, बकाल्यातले चाचा, शाळेच्या बसचे चालक, जियारतीला आलेले देशोदेशीचे लोक. त्यांची टिंगल करण्यासाठी नव्हे, तर त्यांना समजून घेण्यासाठी त्यांच्याकडे पाहा. चांगला नट आधी चांगला पाहणारा असतो.

नवे शब्द

तरबेज – निष्णात. किरटा – बारीक, चिरका. जोखीम – धोका. साळसूद – वरवर साधा, आतून लबाड. मिश्किल – खट्याळ, गमत्या. खोच – बोलण्यातला लपलेला अर्थ. पळता भुई थोडी होणे – पळायला जागा अपुरी पडणे, फजिती होणे.

स्वाध्याय

१. चरित्र अभिनेता आणि नायक यांत काय फरक आहे? तीन वाक्यांत लिहा.
२. नटावर 'शिक्का बसणे' म्हणजे काय? तुम्हांला माहीत असलेल्या एखाद्या नटाचे उदाहरण द्या.
३. 'तरबेज', 'मिश्किल' आणि 'पळता भुई थोडी होणे' यांचा वाक्यांत उपयोग करा.
४. सात दिवसांची अनुदिनी लिहा. रोज चार ओळी पुरेत, पण घरातल्या एका माणसाने उच्चारलेले एक वाक्य जसेच्या तसे लिहा. ते कोकणीत असले तरी चालेल.
५. या आठवड्यात आजोबांना किंवा आजींना फोन करा आणि त्यांनी 'चिमणराव' पाहिले होते का, ते विचारा. पाहिले असेल तर कोणाच्या घरी आणि कोणाबरोबर, ते लिहून आणा. उत्तरे पुढच्या वर्गात मोठ्याने वाचून दाखवायची आहेत.