राउटरचा पिनकोड

राउटरच्या प्रॅक्टिकलला हमखास अडवणारा मेसेज म्हणजे 'ओव्हरलॅप्स'. फास्ट इथरनेट ०/० ला १९२.१६८.१०.१ दिला, ०/१ ला १९२.१६८.१०.२ दिला, मास्क दोघांचाही २५५.२५५.२५५.०. नंबर वेगळे आहेत, तरी राउटर दुसरा घ्यायला तयार नाही. असं का?

उत्तर आपल्या गंगापूर रोडवरच आहे! रस्ता एकच, पण केटीएचएम कॉलेजचा पिनकोड ४२२००२ आणि के.बी.टी. इंजिनीअरिंगचा ४२२०१३. ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाली, श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी अधिकाऱ्याच्या डोक्यातून. (ते संस्कृत कवीही होते बरं का!) कोलकात्यात टपाल निवडणाऱ्याला गंगापूर रोड माहीत नसला तरी चालतं. ४२२ दिसलं की पत्र नाशिकच्या थैलीत. राउटरही पत्त्यातला नेटवर्कचा भाग बघून पॅकेट कुठल्या दाराने पाठवायचं ते ठरवतो. दोन्ही दारांमागे एकच नेटवर्क असेल तर तो ठरवणार कसं? म्हणून नकार.

फरक इतकाच, की पिनकोडमध्ये ही हद्द तिसऱ्या आकड्यानंतर ठरलेली आहे. आयपीमध्ये ती कुठल्याही बिटनंतर असू शकते, आणि ती मास्क सांगतो.

आता १९२.१६८.१०.० हेच नेटवर्क वाटून बघू. लॅबमध्ये ६० पीसी, लायब्ररीत २५, शिवाय दुसऱ्या राउटरची लिंक. लॅबला /२६ म्हणजे ० ते ६३, इंटरफेसला .१. लायब्ररीला /२७ म्हणजे ६४ ते ९५, इंटरफेसला .६५. लिंकला /३०, त्यात .९७ आणि .९८. पहिला नंबर नेटवर्कचा, शेवटचा ब्रॉडकास्टचा. लॅब-लायब्ररीत ते इंटरफेसला द्यायचे नाहीत. .६४ देऊन बघा, 'बॅड मास्क' म्हणून ओरडा बसेल! वाटणी मोठ्या गटापासूनच करा, कारण ६४ चा गट ०, ६४, १२८ किंवा १९२ वरच सुरू होतो. लिंकला आधी ० ते ३ दिले तर लॅब थेट ६४ वर जाते आणि मधे भोक पडतं. शेवटी 'नो शटडाऊन' द्यायचंच, नाहीतर सगळं बरोबर असूनही इंटरफेस झोपलेला.

एक गंमत मात्र पुस्तकात पटकन सापडत नाही. लायब्ररीच्या पीसीला चुकून २५५.२५५.२५५.० मास्क पडला, तर त्याला लॅब शेजारच्याच खोलीत वाटते. तो राउटरकडे न जाता लॅबच्या पीसीलाच हाका मारतो. सिस्कोच्या राउटरमध्ये प्रॉक्सी एआरपी सहसा आधीपासूनच चालू असतं, त्यामुळे राउटर परस्पर 'मीच तो' म्हणतो आणि पिंग चक्क येतं! तेव्हा पिंग आलं तरी पीसीचा मास्क एकदा बघाच.