ध्वनिचित्रपाठांची तबकडी : पूर्वतयारी आणि पडताळणी

ज्या गावी इंटरनेट पोहोचत नाही, अथवा पोहोचूनही ऐन पाठाच्या वेळी तुटते, तेथील शाळेस ध्वनिचित्रपाठ तबकडीवर भरून देणे हा मार्ग आजही उपयोगाचा आहे. नव्या संगणकांत तबकडीची खोबण बहुधा नसते हे खरे. तथापि ज्या शाळेत दूरदर्शन संच आणि डीव्हीडी प्लेअर चालू स्थितीत आहेत, तेथे ती साधने पडून राहू देणे इष्ट नव्हे. अडचण येते ती निराळ्याच ठिकाणी. बाष्पीभवनाचा पाठ सुरू होतो, भांड्यातील पाणी उकळू लागते आणि चित्र जागच्या जागी थिजते. मुले थोडा वेळ पडद्याकडे पाहात राहतात, मग गलबला सुरू होतो आणि तास हातचा जातो. दोष प्लेअरला दिला जातो. वस्तुतः तो पुष्कळदा तबकडी तयार करणाऱ्याच्या टेबलावरच घडलेला असतो.

यास्तव प्रथम चौकशी करावी ती पाठ कोणत्या साधनावर दाखविला जाणार याची. एमपीफोर फाईल तबकडीवर नुसती उतरविली तर ती संगणकावर चालते, साध्या डीव्हीडी प्लेअरवर चालेलच असे नाही. प्लेअरसाठी डीव्हीडी-व्हिडिओ या पद्धतीची तबकडी लागते. तीत चित्र एमपीईजी-२ प्रकारचे असते. आपल्याकडील पाल पद्धतीत त्याची रुंदी ७२० बिंदू, उंची ५७६ बिंदू आणि गती सेकंदास २५ चित्रे अशी ठरलेली आहे. डीव्हीडी स्टायलर या विनामूल्य प्रणालीने हे काम होते. तबकडी केवळ संगणकावरच लावावयाची असेल तर एच.२६४ प्रकारची एमपीफोर फाईल पुरे. अलीकडील भ्रमणध्वनी पुष्कळदा एच.२६५ प्रकारात चित्रण करतात. तशी फाईल जुन्या संगणकावर अडखळते, म्हणून ती आधी बदलून घ्यावी.

आता मापाचा प्रश्न. तबकडीवर ४.७ जीबी असे छापलेले असते, म्हणजे ४७० कोटी बाइट. संगणक १०२४ च्या पटीने मोजतो, म्हणून त्यास हीच जागा सुमारे ४.३८ जीबी दिसते. संगणक ४.५ जीबी दाखवीत असलेला संग्रह तबकडीत का मावत नाही, याचे उत्तर एवढेच आहे. ४७० कोटी बाइट म्हणजे ३,७६० कोटी बिट. पाठ एकूण २ तासांचे, म्हणजे ७,२०० सेकंदांचे असतील तर प्रत्येक सेकंदाच्या वाट्यास सुमारे ५२ लाख बिट येतात. त्यांतून आवाज आणि अनुक्रमणिका यांचीही सोय करावयाची असल्याने चित्र व आवाज मिळून ४८ लाखांवर थांबावे. तीन तासांचे पाठ कोंबले तर हा वाटा ३५ लाखांच्याही खाली जातो आणि फळ्यावरील बारीक अक्षर, नकाशातील नदीची रेघ पुसट होते. मागच्या बाकावरील मुलास जे वाचता येत नाही ते दाखवून उपयोग काय? अशा वेळी सरळ दोन तबकड्या कराव्यात. फाईल बदलताना ती नेहमी मूळ प्रतीवरूनच बदलावी. व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरून आलेल्या पाठाचे चित्र आधीच उतरलेले असते. त्यास पुन्हा उजळा देता येत नाही.

जुने दूरदर्शन संच चित्राची कड थोडी कापतात, म्हणून अक्षरे कडेपासून आत ठेवावीत. फाईलींची नावे रोमन अक्षरांत द्यावीत आणि क्रमांक दोन अंकी घालावेत. एरवी कित्येक प्लेअर पहिल्या पाठानंतर थेट दहावा लावतात. दुसऱ्याने तयार केलेला पाठ वाटण्यापूर्वी त्याच्या वापराच्या अटी वाचाव्यात. कॉपीराइट कायदा, १९५७ शाळेबाहेर थांबत नाही.

तबकडी लिहिताना सर्वांत अधिक वेग निवडू नये. पुन्हा पुन्हा लिहिता येणारी तबकडी जुने प्लेअर पुष्कळदा ओळखत नाहीत, म्हणून एकदाच लिहिण्याची साधी घ्यावी आणि लेखन संपल्यावर ती ‘फायनलाईज’ करावी. मग पहिली प्रत शाळेच्याच प्लेअरवर लावून अखेरपर्यंत पाहावी. पहिली पाच मिनिटे पाहून समाधान मानणे ही नेहमीची चूक होय. तबकडीवरील लेखन मध्यापासून कडेकडे जाते आणि बिघाड बहुधा कडेलाच आढळतात. म्हणजे जो पाठ कोणी तपासत नाही, तोच अडकण्याचा संभव अधिक. ही प्रत निर्दोष ठरल्यावरच बाकीच्या काढाव्यात.

तबकडीवर कागदी चिठ्ठी चिकटवू नये, फिरताना तोल जातो. नाव मऊ टोकाच्या मार्करने लिहावे. ती उन्हात ठेवू नये. पुसताना मध्याकडून कडेकडे सरळ पुसावी, गोल नव्हे.

वेष्टणात पाठांची नावे, इयत्ता आणि मिनिटे यांची यादी घालावी आणि तिच्या शेजारी एक रकाना कोरा सोडावा. कोणता पाठ कितव्या मिनिटास थांबला हे शिक्षकाने त्यात लिहून पुढील शिक्षण परिषदेस ती यादी केंद्रप्रमुखांकडे द्यावी, म्हणजे नव्या प्रती काढण्यापूर्वी मूळ प्रत दुरुस्त करता येईल.