कॅमेऱ्याआधी दोन रकाने

अकोल्याहून, दर्यापूरहून भेटायला येणारे आईबाप हल्ली एकच काळजी सांगतात. पोराला डॉक्युमेंटरी करायची आहे, कॅमेरा मागतो, पैसे आणायचे कुठून? मी सांगतो, कॅमेरा राहू द्या, आधी त्याला लिहायला बसवा.

का, ते आपल्याच मातीतल्या एका लेखक-दिग्दर्शकाकडे पाहून कळेल. विश्राम बेडेकर अमरावतीत जन्मले, १९०६ साली. नाटक लिहिलं, चित्रपटात शिरले, सिनेमा शिकायला लंडनला गेले. परतीच्या बोटीवर जर्मनीतून जीव घेऊन निघालेले ज्यू निर्वासित भेटले. शिकायला गेले होते सिनेमा, घेऊन आले ‘रणांगण’ ही कादंबरी. ती १९३९ साली आली. मग ‘प्रभात’साठी ‘शेजारी’ लिहिला, १९६३ साली ‘रुस्तम सोहराब’ दिग्दर्शित केला, आत्मचरित्राला १९८५चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्यांची वाट कथाचित्रपटांची. पण डेकवर कोण उभं आहे, ते काय बोलतं, काय गिळून टाकतं हे टिपणारी नजर माहितीपटालाही तीच लागते.

ती नजर घरबसल्या तयार होते. वहीच्या पानावर मधोमध रेघ मारा. डावीकडे दिसतं ते, उजवीकडे ऐकू येतं ते. आपल्या खारपाणपट्ट्यातलंच एखादं गाव घ्या. डावीकडे: विहीर भरलेली, तरी बाई हंडा घेऊन पुढे चालली. हंड्याच्या कडेला क्षारांचा पांढरा थर, नखाने खरवडला तरी निघत नाही. उजवीकडे: दोराचा करकर आवाज, मग तिचं एकच वाक्य, ‘हे पानी ढोरंबी तोंडाले लावत नाही.’ इथे निवेदकाने खारेपणावर भाषण ठोकलं की सगळं गेलं. कुठे गप्प बसायचं, हे शिकायलाच मुलांना सगळ्यात जास्त वेळ लागतो.

शिक्षणाचं म्हणाल तर आधी पदवी पुरी करा, कोणत्याही शाखेची. त्यानंतर पुण्याच्या फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूटमध्ये (एफटीआयआय) दिग्दर्शन आणि पटकथालेखनाचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. प्रवेश परीक्षा अवघड, जागा थोड्या. घराजवळ हवं तर भारतीय जनसंचार संस्थेचं केंद्र अमरावतीतच आहे आणि तिथे मराठी पत्रकारितेची पदव्युत्तर पदविका मिळते.

पैशाचं खरं तेच सांगतो. माहितीपट काढणारी १९४८ पासूनची सरकारी फिल्म्स डिव्हिजन २०२२ साली राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात (एनएफडीसी) विलीन झाली. तिथल्या पक्क्या नोकरीचं स्वप्न आता धरू नका. सुरुवातीची वर्षं संस्थांच्या छोट्या फिल्म, संशोधन साहाय्य, भाषांतर यांवर निघतात. म्हणून लिहिण्याच्या जोडीला संकलन किंवा ध्वनी यांपैकी एक काम हातात पक्कं हवं. संकलन येणारी पोरं सहसा रिकामी बसत नाहीत.

आईबापांनो, पोराला दोन वर्षांची मुदत द्या. दर महिन्याला एक विषय, एक दोन रकान्यांचं पान. जिनिंगमधली रुई, मूर्तिजापूरची शकुंतला रेल्वे, आजीचं पापडाचं वाळवण, काहीही चालेल. पान झालं की मोठ्याने वाचायला लावा आणि स्वतः समोर बसून ऐका. त्यातली बारा पानं नीट जमली की मग या, कॅमेऱ्याचं बोलू.