कोल्हापूर लोकसभा मतदारसंघ : प्रजेकडून मतदाराकडे

1 मार्च 1949 रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. कालपर्यंत ‘प्रजा’ म्हणवणारा येथील माणूस तीन वर्षांच्या आत प्रौढ मतदानाचा हक्क घेऊन मतपेटीपुढे उभा राहिला. त्या हक्काचा त्याने कसा उपयोग केला, हे पाहणे उद्बोधक आहे.

1952 मध्ये ‘कोल्हापूर-सातारा’ हा दोन जागांचा जोडमतदारसंघ होता. देशभर काँग्रेसचा प्रभाव असताना येथून काँग्रेसच्या के. एल. मोरे यांच्याबरोबर अपक्ष प्रा. बाळासाहेब खर्डेकर निवडून आले. 1957 मध्ये संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत शेतकरी कामगार पक्षाचे भाऊसाहेब महागावकर आणि शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचे शंकरराव दिगे विजयी झाले. 1961 च्या कायद्याने द्विसदस्य पद्धत संपली. पुढील तीन निवडणुकांत व्ही. टी. पाटील, शंकरराव माने आणि राजाराम निंबाळकर यांच्या रूपाने काँग्रेसने जागा राखली.

आणीबाणीनंतर, 1977 मध्ये, शेकापचे दाजीबा देसाई अवघ्या 165 मतांनी निवडून आले. आपल्या महाविद्यालयाच्या एखाद्या मोठ्या वर्गात भरतील एवढीच ही मते! ‘माझ्या एका मताने काय होणार?’ या प्रश्नाला याहून चोख उत्तर कोणते?

1980 ते 1996 या काळात काँग्रेसचे उदयसिंगराव गायकवाड सलग पाच वेळा निवडून आले. 1998 पासून सदाशिवराव मंडलिक चार वेळा जिंकले: प्रथम काँग्रेसतर्फे, मग दोनदा राष्ट्रवादीतर्फे आणि 2009 मध्ये अपक्ष म्हणून. त्या वर्षी त्यांनी राष्ट्रवादीचे उमेदवार संभाजीराजे छत्रपती यांचा पराभव केला. 2014 मध्ये देशात भाजपची लाट असूनही राष्ट्रवादीचे धनंजय महाडिक विजयी झाले. 2019 मध्ये शिवसेनेचे संजय मंडलिक आले आणि 2024 मध्ये काँग्रेसचे शाहू छत्रपती.

म्हणजे ज्या राजघराण्याच्या उमेदवाराला मतदाराने 2009 मध्ये नाकारले, त्याच घराण्याला 2024 मध्ये त्याने दिल्लीस पाठवले. गादीविषयीचा आदर आणि मताचा अधिकार या दोन गोष्टी त्याने वेगळ्या ठेवल्या, असे यावरून म्हणता येईल. पक्षापेक्षा माणूस पाहण्याची ही वृत्ती स्वागतार्ह खरी. पण माणूस पाहता पाहता केवळ आडनाव पाहिले जाऊ लागले, तर मतदाराला पुन्हा प्रजा व्हायला वेळ लागणार नाही. हे भान राखण्याची जबाबदारी अठराव्या वर्षी मतदार होणाऱ्या आपणा विद्यार्थ्यांचीही आहे.