आजारपणातला देव

स्तनाच्या कर्करोगाचं निदान झाल्यावर भेटायला येणारं प्रत्येक माणूस माझ्यासाठी काहीतरी घेऊन आलं. कुणी अंगारा आणला, कुणी सोळा सोमवार सुचवले, एकीने तर माझ्या नावाने परस्पर नवसच बोलला. त्यात माया असते, म्हणून मी हसून घेतलं. पण एक वडीलधाऱ्या बाई उशाशी बसून म्हणाल्या, "मागल्या जन्मीचे भोग गं, भोगूनच संपवायचे." त्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. संध्याकाळचा हरिपाठ म्हणजे माझी हक्काची सोबत. पण पुढे कितीतरी दिवस तो म्हणताना मी मनात जुन्या चुका शोधत बसायची.

अमेरिकेत केनेथ पार्गमेंट आणि सहकाऱ्यांनी इस्पितळात दाखल झालेल्या वयस्क रुग्णांचा अभ्यास २००१ साली प्रसिद्ध केला. देवाने आपल्याला टाकलं, त्याची माया उरली नाही, असं ज्यांच्या मनाने घेतलं होतं, त्यांच्यात पुढच्या दोन वर्षांत मृत्यूचं प्रमाण जास्त आढळलं. कारण काय, हे त्यावरून ठरत नाही. पण आजाऱ्यासमोर पापपुण्य काढणाऱ्यांनी एवढं तरी ऐकून ठेवावं.

मला त्या चुका शोधण्यातून बाहेर काढलं ते दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेतल्या शेजारणीने. देवळं बांधण्याऐवजी धर्मशाळा बांधणाऱ्या त्या माणसाच्या जागेत आज परगावचे कर्करोगाचे रुग्ण उतरतात. ही बाई बीडकडची. उलट्या थांबल्या की विठोबाला मोठ्याने झापायची. "मेल्या, पंढरीत उभा राहून काय करतोस?" असं काहीबाही, आणि लगेच माळ हातात. जनाबाईने विठ्ठलाला शिव्या घातल्याच की! देवावर रागावायची सोय आपल्याकडे सातशे वर्षांपासून आहे, ती वापरा. रडू आलं तर श्रद्धा कमी पडली असं समजू नका, आणि घरच्यांनीही तसं सुचवू नये.

शरीराच्या बाबतीत मात्र देवालाही सवलत नको. केमोच्या दिवसांत निर्जळी उपवास नकोत. अन्न आधीच जात नसतं. डोसनंतर साधारण सात ते चौदा दिवसांत पांढऱ्या पेशींचा काउंट सगळ्यात खाली जातो. तेव्हा न उकळलेल्या पाण्याचं तीर्थ, कच्च्या दुधाचं पंचामृत, यात्रेची गर्दी टाळा. हात जोडले तरी पुरे. एका एकादशीला मला कणकण आली. आरतीपर्यंत थांबू या, असं घरात कुणीतरी म्हणालं. नवऱ्याने थर्मामीटर बघितला, पारा शंभराच्या पुढे, आणि सरळ गाडी काढली. १००.४ फॅरनहाइट किंवा वर ताप म्हणजे तातडीने इस्पितळ, रात्र असो की सणवार. अँटिबायोटिक लगेच सुरू झालं म्हणून निभावलं.

कर्करोग बरा करण्याची जाहिरात करणाऱ्या बाबा-वैद्यांपासून तर लांबच राहा. अशी जाहिरात १९५४ च्या जादुई उपायांविषयीच्या कायद्याने गुन्हा आहे. भिडेपोटी काढे, चूर्णं घेतलीच असतील तर डॉक्टरांपासून लपवू नका. मी सगळं कागदावर लिहून नेलं, खाली जपही लिहिला. डॉक्टरांनी गुळवेलीवर काट मारली, हळदीच्या गोळ्यांवर मारली, आणि जपापाशी पेन उचलून म्हणाले, "पुढच्या वेळी रक्ताचा रिपोर्ट आणा."