गुडघेदुखीचे रुग्ण : कोण, किती आणि कोणत्या अवस्थेत?

नाशिक जिल्ह्याच्या पूर्वेकडील तालुक्यांत कांद्याची लागवड, खुरपणी व काढणी आणि पश्चिमेकडील इगतपुरी, पेठ, सुरगाणा या भागांत भाताची आवणी ही कामे मुख्यतः स्त्रियांच्या हातची आहेत. त्यांपैकी कांद्याची बरीचशी कामे तासन्‌तास उकिडवे बसून करावी लागतात, तर आवणी कमरेत वाकून, चिखलात पाय रोवून होते. चाळिशी ओलांडल्यावर यांतील अनेकींचे गुडघे बोलू लागतात. 'वंगण संपले' असे म्हणून घरचे गप्प बसतात आणि ती बाईही बसते.

वैद्यकशास्त्रात या विकाराला ऑस्टिओआर्थ्रायटिस, म्हणजेच झिजेचा संधिवात म्हणतात. सांध्यातील हाडांच्या टोकांवर कूर्चेचे गुळगुळीत आवरण असते. ते विरळ होत जाते, हाडांच्या कडांना काटे फुटतात, सांध्याचे अस्तर अधूनमधून सुजते आणि मांडीचे स्नायू दुबळे होतात. म्हणजे ही नुसती झीज नव्हे, तर सगळ्या सांध्याचा आजार होय. आमवात याहून वेगळा. त्यात शरीराची प्रतिकारयंत्रणाच सांध्यांवर उलटते.

या रुग्णांची खरी संख्या कळण्यासाठी घरोघर जाऊन विचारावे लागते. महाराष्ट्रात असे काम १९९६ मध्ये पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे सुरू झाले. डॉ. अरविंद चोप्रा व त्यांच्या सहकाऱ्यांनी जागतिक आरोग्य संघटनेच्या सहयोगाने आखलेल्या पद्धतीनुसार ४,०९२ प्रौढांची पाहणी केली. त्यांपैकी ७४६ जणांना, म्हणजे शेकडा १८.२ लोकांना, सांधे वा स्नायूंचे दुखणे होते. झिजेच्या संधिवाताचे प्रमाण शेकडा ५.८ आढळले, तर आमवाताचे शेकडा ०.५५, म्हणजे जवळजवळ दहापटीने कमी.

पुढे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, पुण्यासह देशातील पाच ठिकाणच्या पाहणीत गुडघ्याच्या झिजेचे प्रमाण शेकडा २८.७ दिसले. हे आकडे शेजारी ठेवून 'वीस वर्षांत आजार पाचपट वाढला' असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. पहिल्या पाहणीत सर्व प्रौढ होते, दुसरीत चाळिशीपुढचेच, आणि निदानात क्ष-किरण चित्राचाही आधार होता. आकड्याचा छेद कोणता, हे आधी पाहावे. नाशिक येथे १९९८ पासून असलेल्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे पदव्युत्तर विद्यार्थी रुग्णालयातील रुग्णांवर प्रबंध लिहितात. असे प्रबंध मोलाचे खरे, परंतु त्यांत उतरते ते रुग्णालयापर्यंत पोहोचलेल्यांचेच चित्र. मजुरी बुडेल म्हणून न आलेली बाई त्यात नसते.

वय, स्त्रीत्व (विशेषतः रजोनिवृत्तीनंतर), स्थूलता, जुनी इजा आणि गुडघे वाकवून करावयाचे श्रम ही या विकाराची सर्वमान्य कारणे होत. बीजिंग येथील पाहणीत तरुणपणी दिवसाचे कित्येक तास उकिडवे बसणाऱ्यांमध्ये उतारवयात गुडघ्याचा विकार अधिक आढळला. पाश्चात्त्य देशांत खुब्याचा सांधाही बराच झिजतो. आपल्याकडे मात्र भार मुख्यतः गुडघ्यांवर पडतो.

रुग्णाची ओळख पटवणे अवघड नाही. चालताना, विशेषतः पायऱ्या उतरताना दुखते आणि विसावा घेतला की थांबते. वणीच्या सप्तशृंगगडाच्या सुमारे पाचशे पायऱ्या नेमाने चढणारी बाई पायथ्याशीच थांबू लागली, तर ते लक्षण समजावे. सकाळचा ताठरपणा बहुधा अर्ध्या तासाच्या आत ओसरतो. तो तासभर टिकला आणि बोटांचे सांधे सुजले, तर आमवाताची शंका घेऊन डॉक्टरांकडे पाठवावे. गुडघा वाकवताना करकर जाणवते. पुढच्या अवस्थेत पाय धनुष्यासारखे बाकतात. क्ष-किरण चित्रावरून ० ते ४ अशा श्रेणी ठरवण्याची १९५७ मधील पद्धत आजही वापरात आहे. तथापि चित्र आणि वेदना यांचा मेळ नेहमी बसत नाही. चित्रात थोडी झीज दिसूनही रुग्ण बेजार असतो, तर कधी याच्या उलट आढळते.

झिजलेली कूर्चा पूर्ववत करणारे औषध नाही, परंतु दुखणे निश्चित कमी होते. खुर्चीवर बसून पाय सरळ करावा, दहा अंक मोजेपर्यंत धरावा, असे दिवसातून अनेकदा केल्याने मांडीचे स्नायू बळकट होतात. वजन एक किलोने घटले की प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरील भार सुमारे चार किलोने उतरतो. वेदनाशामक गोळ्या मनाने दीर्घकाळ घेतल्यास जठर व मूत्रपिंडे बिघडतात. बाजारात मिळणाऱ्या निनावी पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले असू शकते. आठवड्यात गुण आला आणि पुढे चेहरा सुजला, तर संशय घ्यावाच. शेवटच्या अवस्थेत सांधेरोपण उपयोगी पडते. केंद्र शासनाने ऑगस्ट २०१७ मध्ये कृत्रिम गुडघ्यांच्या किमतीवर मर्यादा घातली. तेव्हा नेहमीच्या कोबाल्ट-क्रोमियम सांध्याची कमाल किंमत कर वगळून ५४,७२० रुपये ठरली.

राज्य शासनाने २०२४ मध्ये सुरू केलेल्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरील पात्र व्यक्तींना साहाय्यक साधनांसाठी ३,००० रुपये देण्याची तरतूद करण्यात आली. त्या साधनांत गुडघ्याचा पट्टाही आहे. पण खुरपणीला जाणारी पन्नाशीची बाई या वयोमर्यादेत बसत नाही. तिच्यासाठी गावातच, आशा कार्यकर्तीच्या मदतीने, चाळिशीपुढच्या स्त्रियांची विचारपूस करून यादी करणे आणि व्यायाम शिकवणे हे ग्रामपंचायतीला जमण्याजोगे काम आहे. शिबिर भरवावयाचे तर ते आवणी व कांदाकाढणीचे दिवस टाळून, आणि सकाळी अकराला नव्हे, तर मजूर शेतातून परतल्यावर भरवावे.