आजोबांचा दाखला : ज्यूद्वेष, निर्वासित आणि नागरिकत्व मुलांना कसं सांगायचं?



शाळेच्या कपाटात सगळ्यात जपून ठेवलेली वस्तू कोणती? माझं उत्तर, दाखलखारीज रजिस्टर. जून-जुलै आला की गावातले लोक येतात, "मॅडम, आमच्या आजोबाचं नाव पाहा ना जरा, पडताळणीले लागते." मग पिवळी, कडा तुटलेली पानं उलटायची. साठ-सत्तर वर्षांपूर्वीच्या कोण्या गुरुजींनी टाकाने काय लिहिलं, त्यावर आज नातवाचं ॲडमिशन अवलंबून असतं. कागदाची ताकद आपल्याला कुणी वेगळी शिकवायची गरज नाही. म्हणूनच आजचा विषय आपल्या शिक्षकांना लवकर समजतो असं मला वाटतं. आपल्याकडे हा उतारा हक्काचं काही मिळवण्यासाठी शोधतात. जर्मनीत १९३५ नंतर असाच उतारा माणसाचे हक्क काढून घेण्यासाठी शोधला जात होता.

आठवीच्या वर्गात भारत छोडो आंदोलन शिकवताना दुसरं महायुद्ध येतं, आणि महायुद्ध आलं की हिटलर येतो. आपल्या मुलांना हिटलर माहीत असतो, पण कसा? कडक शिस्तीच्या सरांना मुलं 'हिटलर' म्हणतात आणि सरांनाही त्यात थोडं बरंच वाटतं. त्याचं आत्मचरित्र आपल्याकडे पुस्तकांच्या स्टॉलवर यशस्वी माणसांच्या चरित्रांशेजारी मांडलेलं असतं. ते पाहून वाढलेल्या मुलाला "हिटलर वाईट होता" एवढं एक वाक्य सांगून काही होत नाही. त्याने नेमकं काय केलं, ते पायरी-पायरीने सांगावं लागतं. मी चार पायऱ्या सांगते आणि चारही कागदाशी जोडते.

सप्टेंबर १९३५ मध्ये न्युरेम्बर्गचे कायदे झाले. ज्याच्या चार आजी-आजोबांपैकी तीन किंवा चार ज्यू, तो ज्यू. तो स्वतः काय मानतो, चर्चमध्ये जातो का, पहिल्या महायुद्धात जर्मनीसाठी लढला का, हे प्रश्न गौण. ज्यू हा देशाचा नागरिक राहिला नाही, फक्त रहिवासी उरला. १९३८ मध्ये ज्यूंच्या पासपोर्टवर 'जे' अक्षराचा लाल शिक्का आला. त्याच वर्षी हुकूम निघाला की ठरवून दिलेल्या यादीतलं नाव नसेल तर प्रत्येक ज्यू पुरुषाने आपल्या नावाला 'इस्राएल' आणि बाईने 'सारा' जोडायचं. आणि नोव्हेंबर १९३८ मध्ये ज्यू मुलांना सरकारी शाळांतून काढून टाकलं. ही शेवटची पायरी सांगितली की वर्ग शांत होतो. "म्हणजे हजेरीतून नाव कमी?" असा प्रश्न मला आला होता. हो, हजेरीतून नाव कमी. पुढे सुमारे साठ लाख ज्यू मारले गेले, पण सुरुवात गोळीबाराने झाली नव्हती. ती रजिस्टरपासून झाली होती.

आता मुलं म्हणतात, मंग ते पळाले काहून नाही? इथे आपल्याला मुंबईला यायचंय, कारण पळालेल्यांपैकी काही लोक आपल्या महाराष्ट्रात आले.

तुमच्या-माझ्या घरात सकाळी अकोला आकाशवाणी लागायची. केंद्र सुरू होण्याआधी ती एक धून वाजायची, आठवते ना? तंबोरा आणि त्यावर व्हायोलिन. ती धून वॉल्टर काउफमान यांची मानली जाते. हे आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या कार्लोवी व्हारी गावचे ज्यू संगीतकार. हिटलर सत्तेवर आल्यानंतर एका वर्षात, १९३४ मध्ये ते मुंबईला आले आणि १९३७ पासून मुंबई रेडिओवर पाश्चात्त्य संगीताचं काम पाहू लागले. सुरुवातीला कानाला परकं वाटणारं आपलं संगीत ते इथे शिकले आणि पुढे उत्तर हिंदुस्थानी रागांवर त्यांनी मोठा ग्रंथ लिहिला. पालकहो, तुमच्या आई-वडिलांना विचारा. निर्वासित या शब्दाचा अर्थ त्यांना कुणी सांगितला नसेल, पण एका निर्वासिताची धून त्यांना पाठ आहे.

चित्रकलेतही तसंच. व्हिएन्नाहून आलेले एमॅन्युएल श्लेसिंजर, टाइम्समध्ये काम करणारे वॉल्टर लँगहॅमर आणि रुडॉल्फ फॉन लायडेन यांनी मुंबईच्या तरुण चित्रकारांना उभं राहायला मदत केली. लँगहॅमर स्वतः ज्यू नव्हते, त्यांची पत्नी ज्यू होती. ज्या प्रोग्रेसिव्ह गटाला यांचा आधार मिळाला त्यात हुसेन, रझा, सूझा यांच्या जोडीला आपल्या अमरावती जिल्ह्यातले ह. अं. गाडे होते.

पण हे लोक सहज आले आणि सगळ्यांनी आरती ओवाळली, असं चित्र मुलांपुढे उभं करू नका. व्हिसा इंग्रज सरकारच्या हातात होता. येणारा माणूस सरकारवर भार होणार नाही अशी हमी कुणीतरी द्यावी लागे. ती देण्याचं काम मुंबईतली ज्यूइश रिलीफ असोसिएशन करत होती. निर्वासित डॉक्टर आले तेव्हा आपल्याच काही डॉक्टरांनी तक्रार केली की आमच्या पोटावर पाय येतो.

आणि मोठ्या माणसांचंही एकमत नव्हतं. नोव्हेंबर १९३८ मध्ये, जर्मनीत ज्यूंची दुकानं आणि प्रार्थनास्थळं फोडली-जाळली गेली त्यानंतर दहाएक दिवसांनी, गांधीजींनी वर्ध्याजवळच्या सेगावात, म्हणजे आजच्या सेवाग्रामात, ज्यूंवर लेख लिहिला. सहानुभूती पूर्ण होती. ज्यूंची स्थिती त्यांनी आपल्याकडच्या अस्पृश्यांसारखी म्हटली. पण उपाय म्हणून जर्मनीतच राहून सत्याग्रह करावा असं सुचवलं, आणि पॅलेस्टाइन अरबांवर लादू नये असंही म्हटलं. नेहरूंचं म्हणणं वेगळं. ज्यू तज्ज्ञांना भारतात काम द्यायला हरकत नाही अशा अर्थाचा ठराव त्यांनी काँग्रेसच्या कार्यकारिणीपुढे आणला. तेव्हा अध्यक्ष सुभाषबाबू होते. त्यांना तो पटला नाही, आणि मार्च १९३९ च्या पत्रात त्यांनी नेहरूंना त्याबद्दल स्पष्ट शब्दांत सुनावलं. नेहरूंनी एप्रिलमध्ये उत्तर दिलं. ते उत्तर मला वर्गात वापरायला फार आवडतं, कारण त्यात मोठेपणाचा आव नाही. ते म्हणतात, हा विचार मुख्यतः ज्यूंना मदत म्हणून नव्हता. थोड्या पगारात देशाला उत्तम तज्ज्ञ मिळतील, असा हिशेब होता.

तिघांचे फोटो आपल्या वर्गाच्या भिंतीवर एका ओळीत असतात. मुलांना वाटतं, ते तिघे एकच बोलत असतील. तसं नव्हतं, हे त्यांना कळू द्या. मात्र एक पथ्य पाळा. "मग कोण बरोबर?" याचं उत्तर आपण द्यायचं नाही. त्यातून एखाद्याला खलनायक ठरवायचा खेळ सुरू होतो, आणि मोबाईलवर तो आधीच भरपूर चाललेला आहे.

सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध पेटलं आणि मुंबईतल्या या लोकांवर वेगळीच पाळी आली. इंग्रज सरकारने भारतातल्या जर्मन पुरुषांना शत्रू राष्ट्राचे नागरिक म्हणून पकडलं आणि अहमदनगरच्या छावणीत ठेवलं. नाझी समर्थक आणि नाझींपासून पळालेले ज्यू, दोघेही एकाच तारेच्या कुंपणात. पुढे चौकशी समिती नेमली, बरेच सुटले, काहींना पुन्हा आत जावं लागलं. आणि नोव्हेंबर १९४१ मध्ये जर्मनीने हुकूम काढला की देशाबाहेर राहणाऱ्या ज्यूंचं उरलंसुरलं जर्मन राष्ट्रीयत्वही संपलं. इथे जर्मन म्हणून कोंडलं, तिथे जर्मन नाही म्हणून कमी केलं! "मॅडम, मंग ते लोकं कुठचे?" हा प्रश्न मुलं स्वतःहून विचारतात. 'राज्यविहीन' हा शब्द तेव्हाच फळ्यावर लिहा, आधी नको.

इथे एखादा पालक म्हणेल की आपल्याकडे ज्यूंना कधी त्रास झाला नाही. शेकडो वर्षांचा हिशेब पाहिला तर बव्हंशी खरं आहे. कोकणातले बेने इस्राएली आपल्यातच राहिले. नवगावजवळ जहाज फुटून पूर्वज किनाऱ्याला लागले अशी त्यांची परंपरा सांगते. तेलाचे घाणे चालवायचे, शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून लोक 'शनवार तेली' म्हणायचे. आडनावं रोहेकर, पेणकर, चेऊलकर, दिवेकर. मातृभाषा मराठी. पण २६ नोव्हेंबर २००८ ला मुंबईत अतिरेक्यांनी ताज आणि सीएसटीबरोबर नरिमन हाउस हे ज्यू केंद्रही ठरवून निवडलं आणि तिथे सहा जणांना मारलं, हेही मुलांना सांगा. ताज सगळ्यांना माहीत असतं. नरिमन हाउस क्वचितच.

याच मराठी बोलणाऱ्या ज्यूंची पुढची गोष्ट बोलकी आहे. १९४८ नंतर त्यातले बरेच इस्राएलला गेले. जिथे सगळेच ज्यू, तिथे तरी कुणी विचारणार नाही असं वाटलं असेल. पण १९६० नंतर तिथल्या धर्मगुरूंच्या मंडळाने सूचना काढली की बेने इस्राएली मुला-मुलीचं इतर ज्यूंशी लग्न लावण्याआधी त्यांच्या आई, आजी आणि त्यामागच्या पिढ्यांची चौकशी करावी. पुन्हा आजी! १९६४ च्या उन्हाळ्यात या लोकांनी जेरुसलेममध्ये ठिय्या आंदोलन केलं. संसदेने त्यांची बाजू घेतली आणि सूचनेतून त्यांचं नाव वगळावं लागलं. न्युरेम्बर्ग आणि हे एका तराजूत घालू नका. तिथे जीव गेले, इथे मान दुखावला आणि दुरुस्तही झाला. पण आजीचा कागद मागितला की माणसाला कसं वाटतं, ते दोन्हीकडे दिसतं.

आता आपल्या घरच्या वादाकडे. २६ नोव्हेंबरला आपण संविधान दिन साजरा करतो, उद्देशिका वाचतो, फोटो ग्रुपवर टाकतो. यंदा मुलांना एक गोष्ट जास्तीची सांगा. बहुतेक संविधान २६ जानेवारी १९५० ला लागू झालं, पण नागरिकत्वाची कलमं, ५ ते ९, त्याच दिवशी, २६ नोव्हेंबर १९४९ लाच लागू झाली. थांबायला वेळच नव्हता. फाळणीचे लाखो निर्वासित छावण्यांमध्ये होते, आपल्या अकोल्याच्या सिंधी कॅम्पचं नावही त्याच काळाची आठवण आहे.

या कलमांवर ऑगस्ट १९४९ मध्ये संविधान सभेत तीन दिवस खडाजंगी झाली. मसुदा मांडणारे डॉ. आंबेडकर. आणि त्याला जोरदार विरोध करणारे कोण? आपले भाऊसाहेब, डॉ. पंजाबराव देशमुख. ज्यांच्या संस्थेच्या शाळा-कॉलेजात वऱ्हाडातली निम्मी घरं शिकली, तेच. त्यांचं म्हणणं होतं की या व्याख्येने भारताचं नागरिकत्व जगात सगळ्यात स्वस्त होईल. विमानाने जाणारं जोडपं मुंबईत काही तास थांबलं आणि तिथे मूल जन्मलं, तर तेही भारतीय होणार का? त्यांनी दुरुस्ती सुचवली की जो धर्माने हिंदू किंवा शीख आहे आणि दुसऱ्या कुठल्या देशाचा नागरिक नाही, तो कुठेही राहत असला तरी त्याला भारताचं नागरिकत्व मिळावं. आर. के. सिधवा म्हणाले, फक्त दोनच धर्मांची नावं कशाला? ते स्वतः पारशी होते. नेहरूंनीही धर्मावरून वेगळे नियम करायला विरोध केला. दुरुस्ती नामंजूर झाली. भाऊसाहेबांच्या विमानाच्या उदाहरणाला मसुद्यात उत्तर होतं, कलम ५ मध्ये जन्माआधी अधिवासाची अट आहे. पण त्यांची कळकळ सिंध-पंजाबातून लुटून आलेल्यांसाठी होती, हे मुलांना सांगितल्याशिवाय पुढे जाऊ नका.

हा वाद मी वर्गात उभा करते. दोन गट, प्रत्येकी तीन वक्ते, आणि अर्ध्या वेळेनंतर बाजू बदलायची. बाजू बदलणं महत्त्वाचं आहे. भाऊसाहेबांच्या बाजूने बोललेल्या मुलीला सिधवांच्या बाजूने बोलताना काय अडचण येते, ते तिचं तिला कळतं.

२०१९ चा नागरिकत्व दुरुस्ती कायदा मुलं काढणारच. पाकिस्तान, बांगलादेश आणि अफगाणिस्तानातून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी आणि ख्रिश्चनांना त्यात मार्ग दिला आहे. समर्थक म्हणतात, छळ झालेल्यांना आसरा हे आपलं कर्तव्य आहे. विरोधक विचारतात, आसऱ्याला धर्माची अट कशाला. एवढं सांगून थांबते. मूल घरी जाऊन विचारेल तेव्हा पालकांनी आपलं मत जरूर सांगावं, फक्त दुसऱ्या बाजूचंही एक कारण सोबत सांगावं.

एक नाजूक बाब राहिली. आपल्या वाशीम, मंगरूळपीर, कारंजाच्या वर्गांत सगळ्या समाजांची मुलं एका बाकावर असतात, आणि गाझाचे व्हिडिओ सगळ्यांच्याच घरी येतात. कुणी म्हणतं, "ज्यू लोक असेच असतात." कुणी त्याच व्हिडिओवरून शेजारच्या मुसलमान पोराला टोमणा मारतं. दोन्ही तिथल्या तिथे थांबवा. इस्राएलच्या सरकारने काय केलं यावर बोलायला, चिडायलाही, पूर्ण मोकळीक द्या. पण "ते लोक" म्हटलं की विचारा, कोण लोक? काउफमान? पेणकर? तसंच शेजारच्या बाकावरच्या पोराचा त्या युद्धाशी काय संबंध, हेही विचारा.

दोन तासिका पुरतात. पहिलीत जर्मनी आणि मुंबई, दुसरीत संविधान सभा. आकाशवाणीची धून मोबाईलवर मिळते, ती सुरुवातीला नाव न सांगता वाजवा आणि घरच्या मोठ्यांना ऐकवायचा गृहपाठ द्या. काउफमान यांचं नाव दुसऱ्या दिवशी सांगा.